पितृपक्षात रंगकाम, कोजागिरीला पाहुणे

पावसाळ्यात मुंबईत घर रंगवायला काढू नये, पितृपक्षात तर मुळीच नाही, आणि रंग झाल्यावर महिनाभर तरी घरी गर्दी जमवू नये. ही तिन्ही मतं मला गेल्या वर्षी जो भेटेल त्यानं ऐकवली. आम्ही तिन्ही गोष्टी केल्या, हौसेनं नाही, वेळ तशी आली म्हणून. त्यातून जे हाती लागलं ते लिहून ठेवतेय. जूनमध्ये मी स्वतः अशी माहिती शोधत होते, तेव्हा मिळायचे ते चकचकीत भिंतींचे फोटो. सोसायटीचा अर्ज कसा करायचा, ओल कोणाच्या खर्चानं निघणार, रंगाचं माप कसं घ्यायचं, यावर चकार शब्द नाही.

मुलुंड पूर्वेला आमचा फ्लॅट आहे. सात मजली इमारत, 1994 सालची, आम्ही चौथ्यावर. कार्पेट (म्हणजे भिंतींच्या आतली जागा) 520 चौरस फूट, त्यात हॉल, दोन लहान बेडरूम, स्वयंपाकघर. घरात मी, नवरा, सासूबाई आणि सातवीतली लेक. शेवटचा रंग लेक बालवाडीत असताना दिला होता, त्यामुळे भिंतींवर तिची सगळी वयं दिसत होती.

2025 मध्ये पाऊस मुंबईत 26 मेलाच येऊन धडकला. 14 जूनला मागच्या बेडरूमच्या छतावर चहाच्या रंगाचा डाग दिसला. आठवड्याभरात तिथला रंग फुगला आणि पोपडे गादीवर पडायला लागले. नवऱ्याचं म्हणणं, बाहेरच्या भिंतीतून पाणी येतंय. मला वरच्या फ्लॅटच्या बाथरूमचा संशय होता, कारण मध्ये चार दिवस उघडीप होती तेव्हाही डाग ओलाच होता. हा वाद नुसता डोकं लढवण्याचा नाही, खर्च कोणी करायचा ते त्यावर ठरतं. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या भिंती आणि गच्चीतून येणारं पाणी थांबवणं सोसायटीचं काम. संडास, बाथरूम, सिंक यांतून एका घरातून दुसऱ्या घरात झिरपत असेल, तर ते संबंधित सदस्यांनी आपसांत निस्तरायचं.

29 जूनला सेक्रेटरींना लेखी अर्ज दिला. अर्जाची एक प्रत आपल्याकडे ठेवून तिच्यावर पोच घ्या, तारीख आणि सहीसकट. व्हॉट्सअॅपवर फोटो टाकून "बघा हो जरा" म्हटल्यानं काही हलत नाही. 13 जुलैच्या कमिटीच्या बैठकीत विषय निघाला आणि प्लंबरला बोलवायचं ठरलं. चाचणी सोपी होती: वरच्या बाथरूमच्या जाळीत कापडाचा बोळा कोंबायचा, इंचभर पाणी साठवायचं, त्यात थोडा खायचा रंग टाकायचा आणि दिवसभर वाट पाहायची. दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या छतावर डागाच्या कडेला हिरवट झाक आली.

वरच्या काकूंकडे मी आणि सासूबाई दोघी गेलो. माझं एकटीचं जाणं म्हणजे तक्रार झाली असती. आईंनी जाताना डब्यात नारळाच्या वड्या नेल्या. काकूंचा चेहरा आधी पडलाच होता, पण आई म्हणाल्या, "अहो, पाणी काय तुम्ही मुद्दाम सोडलंय? घरं जुनी झाली, आपणही झालो." मग बोलणं सरळ झालं. जुलैअखेर त्यांनी बाथरूमची फरशी काढून खाली जलरोधक थर दिला, नवीन फरशी बसवून सांधे एपॉक्सीनं भरले. तो खर्च त्यांचा. त्यांना राडारोड्याची चिंता होती, कारण सोसायटीच्या आवारात गोणी ठेवलेली चालत नाही. मुंबई महापालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ म्हणून सेवा आहे. घरगुती दुरुस्तीचा राडारोडा 500 किलोपर्यंत त्यात विनाशुल्क नेतात. काकूंच्या मुलानं ते सगळं पाहिलं.

इथे घाई करायची नाही. गळणं थांबलं म्हणजे भिंत कोरडी झाली असं नसतं. आम्ही छतावरचा सुटा गिलावा खरवडून जागा उघडी ठेवली आणि पंखा चालू ठेवला. कोरडं झालंय का हे बघायला जाड प्लास्टिकचा हातभर तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीनं छताला बंद करून लावायचा आणि दोन दिवसांनी काढायचा. आतल्या बाजूला दव धरलं असेल तर ओल अजून आहे. 18 आणि 19 ऑगस्टला मुंबई पाण्यात गेली तेव्हा मी दर तासाला त्या प्लास्टिककडे बघत होते. आतून कोरडं राहिलं. मग बाहेरची भिंतही ठीक आहे अशी खात्री पटली आणि रंगाचा विचार सुरू झाला.

खरं तर दिवाळीआधी रंग काढावा असं मनात होतं. पण नवरात्रानंतर रंगारी मिळत नाहीत, मिळाले तर भाव चढे असतात आणि एक घर अर्धवट सोडून दुसऱ्याकडे पळतात. पितृपक्षात मात्र लोक नवीन कामं काढत नाहीत, त्यामुळे चांगली माणसं मोकळी असतात. 2025 मध्ये पक्ष 8 ते 21 सप्टेंबर होता. मी आईंना भीतभीतच विचारलं. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "नवीन घर घेतोय का आपण? भिंती साफ करतोय. फक्त पडदे-बिडदे घटस्थापनेनंतर आणा." इतका व्यवहारी तोडगा मला सुचला नसता.

तीन कंत्राटदारांना बोलावलं. तिघांनीही येऊन नजरेनं माप काढलं. पहिल्यानं 2,050 चौरस फूट धरून 26 रुपये भाव सांगितला, म्हणजे 53,300. दरवाजे-खिडक्यांचा ऑइलपेंट वेगळा. मला एका ओळखीच्या इंटीरियरवाल्या ताईनं सांगितलं होतं की भिंती आणि छत मिळून रंगाचं क्षेत्र साधारण कार्पेटच्या सव्वातीन ते साडेतीन पट येतं. त्या हिशोबानं आमचं 1,700 ते 1,800 यायला हवं होतं. मी टेप घेऊन त्यांच्यासमोरच मोजायला लागले. दारं-खिडक्यांची मापं वजा करायची की नाही यावर तिथेच घासाघीस झाली. अर्धी वजा करायची असं ठरलं, कारण कडा रंगवायला वेळ जातो हे त्यांचं म्हणणं मला पटलं. शेवटी ज्याच्याशी जमलं त्याचं माप 1,720 आलं, भाव मालासकट 23 रुपये, दारांचे 5,500 वेगळे. एकूण 45,060, ते 45,000 वर बंद झालं. पैसे चार टप्प्यांत: सुरुवातीला 13,500, पुट्टी-प्रायमर झाल्यावर 13,500, रंगाचा दुसरा हात झाल्यावर 13,500 आणि टचअप संपल्यावर 4,500. शेवटचा टप्पा हातात ठेवा. टचअपला माणूस परत येतो तो त्या रकमेसाठीच येतो.

कोटेशनमध्ये रंगाचा प्रकार, कंपनी, किती हात, पुट्टी सगळीकडे की फक्त ठिगळापुरती, हे लिहून घ्यायचं. "मालासकट" या शब्दात बरंच काही लपतं. आमच्या कागदावर लिहिलं होतं: जुने पोपडे काढणे, पुट्टीचे दोन हात, प्रायमर, इमल्शनचे दोन हात.

सोसायटीकडे अर्ज 23 ऑगस्टला दिला, कारण 27 तारखेला गणपती बसले की कमिटी कामाला हाताशी येत नाही. साधं रंगकाम असलं तरी आमच्याकडे छापील फॉर्म आहे. त्यात कामाचं स्वरूप, कालावधी, कंत्राटदाराचं नाव, प्रत्येक कामगाराच्या आधारची प्रत आणि भिंत, बीम, कॉलमला हात लावणार नाही असं हमीपत्र. परतीचं डिपॉझिट 10,000 रुपये, चेकनं. वेळ सकाळी 9 ते संध्याकाळी 6, दुपारी 2 ते 4 ठोकाठोक बंद, रविवारी काम बंद. लिफ्टमधून रंगाचे डबे नेता येतात, सिमेंट-वाळू नाही. परवानगीचं पत्र 5 सप्टेंबरला मिळालं. त्याची एक झेरॉक्स वॉचमनच्या केबिनमध्ये लावून टाका, नाहीतर रोज सकाळी गेटवरून फोन येतो.

रंगाची शेड हा घरातला सगळ्यात लांबलेला विषय. लेकीला हॉलची एक भिंत गडद निळी हवी होती, आईंना सगळं घर मलईच्या रंगाचं. शेडकार्डवर बोटभर चौकटीत दिसतो तो रंग भिंतीवर दिसत नाही. दुकानात 200 मिलीचे नमुन्याचे डबे मिळतात, ते घ्यावेत आणि भिंतीवर नाही तर पांढऱ्या कार्डबोर्डवर दोन हात देऊन तो बोर्ड घरभर फिरवावा. सकाळी खिडकीजवळ, दुपारी आतल्या कोपऱ्यात, रात्री दिव्याखाली. आमच्या हॉलमध्ये 6500 केल्विनचे पांढरे दिवे होते आणि त्यांच्याखाली आईंची मलई सरळ हिरवट दिसत होती. 3000 केल्विनचा पिवळसर बल्ब लावला तर तीच शेड उबदार वाटली. तेव्हा दिवे आधी ठरवा, रंग मग. मशीनवर मिसळून दिलेला रंग दुकानदार परत घेत नाही, हेही लक्षात असू द्या. हॉल मलईचा झाला आणि निळी भिंत लेकीच्या खोलीत गेली.

7 सप्टेंबरच्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं. ते बघून झाल्यावर आम्ही हॉल रिकामा केला आणि 8 ला सकाळी काम सुरू झालं. राहत्या घरात रंग काढताना खोली-खोलीनं जायचं. आम्ही मागची बेडरूम, लेकीची खोली, हॉल, शेवटी स्वयंपाकघर असा क्रम लावला. देव्हारा सगळ्यात आधी आईंच्या कपाटात हलला. कपडे कपाटातच राहू द्यावेत, पण कपाटाच्या फटींवर चिकटपट्टी मारावी. पुट्टी घासतानाची पावडर कुठे शिरेल सांगता येत नाही. आम्हाला ती डाळीच्या डब्याच्या झाकणाखाली सापडली.

दरवाज्यांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण याकडे कोणी लक्ष देत नाही. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं. आपल्याकडे घरगुती रंगात शिशाचं प्रमाण 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90) आत हवं हा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. 1994 च्या इमारतीतल्या दारावर तीन-चार थर असतात, त्यातला तळाचा थर त्याआधीचा. तो कोरडा घासला की धूळ हवेत उडते आणि लहान मुलांना शिसं फार वाईट. मी मिस्त्रींना दारं पाणी लावून घासायला सांगितलं. "भाभी, टाइम लगेगा," असं म्हणत त्यांनी मान्य केलं. त्या दोन दिवसांत लेक शाळेतून थेट माझ्या बहिणीकडे ठाण्याला गेली. कामगारांसाठी मास्क मी आणून ठेवले होते. पहिल्या दिवशी ते खिशात राहिले, दुसऱ्या दिवशी चहाबरोबर हातात दिले तेव्हा नाकावर चढले.

रंगाचा डबा आपल्यासमोर उघडायला लावावा. त्यात रंगाऱ्यासाठी कंपनीचं टोकन असतं, ते त्याचं त्याला घेऊ द्यावं. आपण फक्त सील बघायचं. किती पाणी मिसळायचं ते डब्यावर छापलेलं असतं. मी एक लिटरचं माप त्यांच्या हातात ठेवलं आणि पुन्हा काही बोलले नाही. त्याचा परिणाम दिवसभर मागे उभं राहण्यापेक्षा जास्त झाला.

15 सप्टेंबरला मुसळधार पाऊस आला आणि शनिवारची पुट्टी अजून हाताला गार लागत होती. कंत्राटदार प्रायमर मारून पुढे जायला निघाला होता. ओल्या पुट्टीवर प्रायमर बसला की महिन्याभरात बुडबुडे येतात, म्हणून ते काम थांबवून त्या दिवशी दारं करून घेतली. पावसाळ्यात रंग काढणार असाल तर वेळापत्रकात असे दोन-तीन दिवस मोकळे ठेवा. खिडक्या बंद करून पंखे लावले तर हवा आतल्या आत फिरते. पाऊस थांबला की समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात. चौकटीवरची मास्किंग टेप शेवटचा हात पुरता वाळायच्या आत हळूच तिरकी ओढून काढावी, नाहीतर टेपबरोबर रंगाची किनारही निघते.

20 तारखेला, सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी, काम संपलं. रात्री जमिनीवर बसून आम्ही पिठलं-भात खाल्ला, कारण सोफ्यावरची ताडपत्री काढायचं त्राण कोणात नव्हतं.

आता पाहुण्यांचं. कोजागिरी 6 ऑक्टोबरला होती, सोमवारी. दरवर्षी आमच्या मजल्यावरची आणि आईंच्या भजनी मंडळातली मंडळी कोणाच्या तरी घरी जमतात, त्या वर्षी पाळी आमची. पंचवीस माणसं. मिस्त्री जाताना बजावून गेले होते की रंग हाताला कोरडा लागला तरी पुरता पक्का व्हायला तीन-चार आठवडे जातात, तोवर भिंत पुसू नका, घासू नका, काही चिकटवू नका. आमच्या हातात होते जेमतेम सोळा दिवस. त्यामुळे सजावट आणि खाणं, दोन्ही भिंतींकडे बघून ठरवावं लागलं.

भिंतीला सेलोटेप लागणार नाही हा पहिला नियम. फुगे, कागदी चंद्र, झिरमिळ्या, सगळं बाद. जे टांगायचं ते पडद्याच्या दांडीला. पडदे घटस्थापनेनंतर आणायचे होतेच. मंगलदास मार्केटमधून कापड घेतलं. हिशोब असा: खिडकी 5 फूट रुंद, चुण्या नीट पडायला कापड दुप्पट, म्हणजे 10 फूट. कापडाचा पन्हा 48 इंच, म्हणून तीन पट्टे. उंची 7 फूट आणि वरखाली दुमडायला एक फूट, म्हणजे पट्ट्याला जवळजवळ अडीच मीटर. एकूण साडेसात मीटर, 180 रुपयांनी 1,350. शिलाई आणि रिंगा 600. शिंप्याकडे टाकायच्या आधी सुती कापड पाण्यातून काढा, आटतं. तिथून चालत लोहार चाळीत जाऊन 3000 केल्विनचे बल्ब आणि दिव्यांच्या दोन माळा घेतल्या, 900 रुपये. माळा पडद्याच्या मागून सोडल्या की उजेड कापडातून झिरपतो आणि वायर दिसत नाही.

फुलांचं एक गणित सांगते. दसऱ्याला झेंडूचा भाव डोळ्यांत पाणी आणतो, दोन दिवसांनी तोच निम्म्यावर येतो. मी झेंडू टाळून पांढरी शेवंती घेतली, कोजागिरीला पांढरं शोभतं. आईंचं तांब्याचं घंगाळ माळ्यावर होतं. चिंच-मिठानं घासलं, पाणी भरलं, वर शेवंती आणि चार तरंगत्या पणत्या. दारात रांगोळी लेकीनं काढली. सजावट संपली.

बसायला खुर्च्या आणि सोफा भिंतीपासून वीतभर पुढे ओढले. भजनी मंडळातल्या बायका डोक्याला खोबरेल लावतात आणि बोलताना डोकं मागे टेकवतात. आमच्या जुन्या भिंतीवर सोफ्याच्या वर पाच गोल डाग होते, ते कोणाकोणाचे आहेत हे घरातलं प्रत्येक जण सांगू शकायचं.

खाण्याचं बघताना तळणं आधीच काढून टाकलं. कोऱ्या स्वयंपाकघरात कढई चढवली तर वाफेबरोबर तेल भिंतीवर बसतं आणि मग ते पुसताही येत नाही. बटाटेवडे कोपऱ्यावरच्या वडेवाल्याला सांगितले: 60 वडे, 18 रुपयांनी 1,080, रात्री आठला गरम. पावभाजीचा विचार आला होता, 22 सप्टेंबरपासून जीएसटी कमी होऊन अमूल बटरची 100 ग्रॅमची वडी 62 ची 58 झाली होती म्हणून नवरा खुशीत होता. पण लाल भाजीची ताटली हातात घेऊन फिरणारी आठ पोरं डोळ्यांसमोर आली आणि विषय मिटला.

घरी केले ते दडपे पोहे, बिनहळदीचे. गॅससमोर जेमतेम पाच मिनिटं उभं राहावं लागतं आणि पंचवीस जणांना पुरतात, त्यामुळे माझ्या मते घरगुती समारंभाला याहून सोयीचं काही नाही. बरोबर इतर पदार्थ असतील तर पाऊण किलो पातळ पोहे पुरतात. पोहे चाळून घ्यायचे. दोन मोठे नारळ खवून घ्यायचे (गेल्या वर्षी नारळ महागच होते, मला 50 ला एक पडला). नारळाचं पाणी टाकायचं नाही, तेच पोह्यांवर शिंपडायचं. सहा मध्यम कांदे अगदी बारीक चिरून, हिरव्या मिरच्या, कोथिंबीर, पाच लिंबांचा रस, मीठ, आणि साखर जरा सढळ हातानं. कांदा, खोबरं, लिंबू, मीठ, साखर आधी परातीत हातानं चुरायचं, त्याला पाणी सुटलं की मग पोहे घालायचे. वर ताट, ताटावर वरवंटा, आणि वीस मिनिटं हात लावायचा नाही. उघडल्यावर पोहे मऊ पण सुटे असतात आणि खोबऱ्याचा नि कांद्याचा एकच वास येतो. वरून शेंगदाणे, मोहरी, हिंग आणि सांडगी मिरचीची फोडणी. पोह्याचा पापड वाढताना चुरून घालायचा, आधी घातला तर सादळतो.

भेळेसाठी किलोभर कुरमुरे लागले. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या हवेत ते चिवट होतात, म्हणून सकाळी कोरड्या कढईत मंद आचेवर भाजून, गार करून डब्यात भरले. चटणी आदल्या रात्री केली: पाव किलो चिंच, पाव किलो खजूर, 300 ग्रॅम गूळ. भेळेचं टेबल हॉलच्या मध्यभागी, चारी भिंतींपासून लांब, खाली जुनी वर्तमानपत्रं. मिसळायचं काम दोन दहावीतल्या मुलांकडे दिलं. त्यांना गल्लाच मिळाल्यासारखं झालं.

मसाला दुधाला सहा लिटर म्हशीचं दूध घेतलं, आटून साडेचार-पावणेपाच लिटर राहतं. छोटा पेला 150 मिलीचा धरला तर पंचवीस जणांना पुरून कोणाला दुसऱ्यांदाही मिळतं. कोजागिरीला दूध कमी पडतं, दूधवाल्याला चार दिवस आधी सांगून ठेवा. पातेलं आधी पाण्यानं विसळून मग दूध ओतलं तर तळाला कमी लागतं. लिटरला 80 ग्रॅम साखर, बदाम-पिस्ते-काजूची भरड, वेलची, जायफळ आणि केशर. भरड अगदी पीठ करू नका, दाताखाली यायला हवी. खाण्याचा सगळा खर्च, कागदी ताटल्या-पेले धरून, 3,700 च्या आसपास झाला.

गच्चीसाठी वेगळा अर्ज होता, साफसफाईचे 500 रुपये. तो मंजूरही झाला, पण 3 ऑक्टोबरला अरबी समुद्रात ‘शक्ती’ चक्रीवादळ उठलं आणि किनाऱ्याला 7 पर्यंतचा इशारा आला. वादळ पश्चिमेला लांब निघून गेलं, तरी गच्चीवर मांडामांड करायची हिंमत झाली नाही. खाणं घरात, आणि दूध घेऊन फक्त चंद्राला नैवेद्य दाखवायला वर जायचं, असं ठरलं. स्पीकर नव्हताच. दहानंतर तो लावताही येत नाही, आणि भजनी मंडळाला त्याची गरजही नसते.

त्या रात्री आमच्यात ज्येष्ठ अपत्याला ओवाळतात, आश्विनी म्हणतात त्याला. लेकीला ओवाळताना आईंनी वरच्या काकूंच्या मुलालाही पाटावर शेजारी बसवलं. तो पस्तिशीचा, दाढीवाला, ऑफिसमधून थेट आलेला. काकू बघत राहिल्या. मध्यरात्रीपर्यंत जागायचं खरं, पण दुसऱ्या दिवशी मंगळवार, शाळा. साडेदहाला गच्चीवर जाऊन आलो, अकराला दूध संपलं होतं.

सकाळी भिंती तपासल्या. स्विचबोर्डाभोवती बोटांचे ठसे आणि दाराच्या चौकटीजवळ चटणीचा एक थेंब. तो तसाच ठेवला आणि 20 ऑक्टोबरनंतर ओल्या मऊ फडक्यानं टिपला, निघाला. उरलेला रंग लहान डब्यात काठोकाठ भरून, झाकणावर शेडचा नंबर, खोली आणि तारीख लिहून माळ्यावर ठेवलाय. मोठ्या डब्यात तळाला थोडा ठेवला तर त्यावर साय धरते आणि टचअपच्या वेळी उपयोग होत नाही. कंत्राटदाराचे शेवटचे 4,500 टचअपनंतर, लक्ष्मीपूजनाच्या आठवड्यात दिले.

डिपॉझिटसाठी काम संपल्याचं पत्र द्यावं लागतं, मग कमिटीतलं कोणीतरी जिना आणि लिफ्ट बघून जातं. चेक 17 नोव्हेंबरला मिळाला, 9,700 चा. लिफ्टच्या आरशावर प्रायमरचे शिंतोडे होते म्हणून 300 कापले होते. मी त्याची पावती मागितली. ती पुढच्या रविवारी मिळाली.